नोकरी सुटल्यावर अकाउंट्सचं काम: सांगलीत स्वतःच्या बळावर सुरुवात कशी करायची

सूतगिरणी बंद पडली, शाळेतली तासिका तत्त्वावरची नोकरी संपली, औषध कंपनीतली फिरती झेपेनाशी झाली, किंवा मुलं मोठी होऊन हाताला वेळ मिळाला. पस्तिशी-चाळिशीत ‘आता अकाउंट्सची कामं घेऊ’ असं ठरवणारी माणसं सांगली, मिरज, कुपवाडात पुष्कळ आहेत, आणि कामही आहे. मार्केट यार्डातली अडत दुकानं, तासगावचे बेदाणा व्यापारी, कुपवाड एमआयडीसीतली छोटी वर्कशॉप, गणपती पेठेतली दुकानं यांतल्या बऱ्याच जणांना पूर्णवेळ अकाउंटंट परवडत नाही. सीएच्या ऑफिसला रोजची बिलं बघायला सवड नसते. ही मधली जागा तुमची.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच काढून टाका. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलं चढवता येणं म्हणजे अकाउंट्स येणं नव्हे. बिलं चढवायला पंधरा दिवसांत येतात आणि त्याला मोल कमी. मोल असतं जुळवणीला: वहीतला आकडा बँकेशी जुळतो का, जीएसटी पोर्टलशी जुळतो का, समोरच्या पार्टीच्या खात्याशी जुळतो का. शिकण्याचा सगळा क्रम याच हिशेबाने लावा.

काय करता येतं, काय नाही

खरेदी-विक्रीच्या नोंदी, रोकड, बँक, उधारीची यादी, पगारपत्रक आणि रिटर्नची तयारी ही कामं करायला कोणताही परवाना लागत नाही. टॅक्स ऑडिट, म्हणजे प्राप्तिकरासाठीची हिशेबतपासणी, हे फक्त सीएचं काम. प्रमाणपत्रंही तुम्ही द्यायची नाहीत. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून अधिकृत नोंदणी हवी असेल तर वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा बिझनेस मॅनेजमेंटसारख्या विषयातली पदवी लागते. त्याची परीक्षा नासिन ही केंद्र सरकारची संस्था घेते. सुरुवातीला त्या नोंदणीची घाई नको. ग्राहकाचं रिटर्न त्याच्याच लॉगिनमधून, त्याच्याच ओटीपीने भरलं जातं. तुम्ही तयारी करायची, आकडा त्याला दाखवायचा आणि होकार घ्यायचा.

एका सीएशी बोलणी पहिल्याच महिन्यात करून ठेवा. ऑडिटची कामं त्याच्याकडे जातील आणि अडलेले प्रश्न तुम्ही त्याला विचाराल. ‘मीच सगळं करतो’ म्हणणाऱ्याकडे शहाणा व्यापारी फार दिवस टिकत नाही.

शिकायचा क्रम: सहा महिने धरून चाला

पहिले तीन आठवडे कॉम्प्युटर बंद. बालभारतीचं अकरावी-बारावीचं पुस्तपालन व लेखाकर्माचं पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यातली रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि बँक जुळवणी पत्रक वहीत पेनाने सोडवा. जमा आणि नावे हातात बसल्याशिवाय टॅली उघडलीत, तर सॉफ्टवेअर चूक झाकून टाकतं. दोन्ही बाजू बरोबर दिसतात, पण रक्कम भलत्याच खात्यात बसलेली असते.

पुढचे सहा आठवडे टॅली. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ विक्री, एफ९ खरेदी या सहा कळा बोटांना पाठ झाल्या पाहिजेत. टॅलीच्या फुकट शैक्षणिक आवृत्तीत महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात. सरावाला ती पुरते, ग्राहकाच्या कामाला नाही. लेजर म्हणजे खातं बनवताना त्याचा ग्रुप, म्हणजे खर्च, येणं अशी वर्गवारी, चुकवू नका, नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. दुकानाची डिपॉझिट ‘इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस’खाली गेली की नफा तेवढ्याने कमी दिसतो. मालकाची घरखर्चाची उचल पगारात गेली तरी तेच होतं.

मग सहा आठवडे जीएसटी आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर. उरलेले अडीच-तीन महिने एखाद्या कर सल्लागाराच्या किंवा सीएच्या ऑफिसात बसा, मानधन नाममात्र मिळालं तरी चालेल. तिथं जे दिसतं ते क्लासमध्ये दिसत नाही: भिजलेली बिलं, तारीख नसलेल्या पावत्या, एकाच बिलाच्या दोन झेरॉक्स, आणि मार्च अखेरीला गोणीतून आलेले कागद.

जुनी पुस्तकं वापरत असाल तर सावध. प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पगार सोडून बाकीचा टीडीएस आता मुख्यतः कलम ३९३ मध्ये एकत्र आणला आहे. जीएसटीतही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश मालावरून गेले. जुने दर तसेच राहिलेले आयटम मास्टर, म्हणजे टॅलीतल्या मालाच्या याद्या, अजून दिसतात, त्यामुळे नवं काम हाती घेताना दर आधी तपासा.

बँक जुळवणी: इथं हात बसला की बाकी सोपं

समजा वहीप्रमाणे महिनाअखेरची बँक शिल्लक १,८४,३५० रुपये आहे आणि पासबुकात १,७६,२३२. फरक ८,११८. तो एका आकड्याने मिटवायचा नाही, उलगडायचा.

तुम्ही दिलेला १२,००० चा चेक पार्टीने अजून भरलेला नाही, म्हणून बँकेत तेवढे जास्त दिसतात. भरलेला २०,००० चा चेक अजून वटलेला नाही, म्हणून तेवढे कमी. आणि बँकेने ११८ रुपये चार्जेस कापलेत, ते वहीत नाहीत. १,८४,३५० अधिक १२,००० उणे २०,००० उणे ११८ केलं की बरोबर १,७६,२३२ येतात.

आता त्या ११८ कडे बघा. त्यात १०० चार्ज आणि १८ जीएसटी आहे. धंद्याचा जीएसटी नंबर बँकेत नोंदवलेला असेल तर हे १८ रुपये पोर्टलवर क्रेडिट म्हणून, म्हणजे भरायच्या जीएसटीतून वजा करता येणारी रक्कम म्हणून, येतात. नसेल तर दर महिन्याला वाया जातात. कॅश क्रेडिट खात्यावर, प्रोसेसिंग फीवर आणि स्वाइप मशीनच्या चार्जेसवर ही रक्कम वर्षाला बरीच होते. नव्या ग्राहकाकडे पहिल्याच महिन्यात हे काम करून द्या.

फरक सापडत नसेल तर दोन जुन्या युक्त्या आहेत. फरकाला ९ ने भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालीय: ५,४०० च्या जागी ४,५०० पडले की फरक ९००. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती उलट्या बाजूला बसलेली असू शकते. ‘सस्पेन्स’, म्हणजे न उलगडलेल्या रकमांच्या, खात्यात टाकून पुढं जाऊ नका. मार्चमध्ये त्यातलं एकही आठवत नाही.

रोकड कधीही उणे होता कामा नये. टॅलीत एखाद्या दिवशी रोख शिल्लक उणे ३,२०० दिसत असेल, तर नसलेले पैसे खर्च झाले असं वही म्हणते. म्हणजे एक तर रोखीची विक्री नोंदायची राहिलीय, किंवा मालकाने खिशातून घातलेले पैसे भांडवलाला जमा केलेले नाहीत. मालकाच्या खासगी फोनवर आलेले यूपीआयचे पैसे हे अशा गोंधळाचं आजचं मोठं कारण. धंद्याचा क्यूआर वेगळा करायला लावा, त्यासाठी हट्ट धरला तरी चालेल.

यार्डातली पट्टी: सांगलीत हे यायलाच हवं

इथं काम करायचं तर हळद आणि बेदाण्याची पट्टी, म्हणजे सौद्याच्या हिशेबाचा कागद, वाचता आली पाहिजे. उदाहरणापुरते आकडे घेऊ, अडत (अडत्याची दलाली) आणि हमालीचे खरे दर त्या त्या बाजार समितीचे बघायचे.

शेतकऱ्याची राजापुरी हळद, ५० किलोची १० पोती, म्हणजे ५ क्विंटल. सौदा १४,००० रुपये क्विंटलने निघाला, माल ७०,००० चा. हमाली-तोलाई ४०० रुपये शेतकऱ्याकडून. अडत ३ टक्के म्हणजे २,१०० रुपये खरेदीदाराकडून. शेतकऱ्याने आधी १०,००० ची उचल नेलेली आहे.

अडत्याच्या वहीत खरेदीदार ७२,१०० ने नावे. त्यासमोर शेतकरी ६९,६०० ने जमा, हमाली देणे ४०० जमा, अडत उत्पन्न २,१०० जमा. बेरीज ७२,१०० ला जुळते. शेतकऱ्याच्या खात्यावर १०,००० ची उचल आधीच नावे पडलेली आहे, म्हणून हातात देण्याची रक्कम ५९,६००.

इथं तीन चुका हमखास होतात. उचल खर्चात टाकली जाते, पण ते येणं आहे, खर्च नव्हे. हमाली-तोलाई उत्पन्नात घेतली जाते. ती हमालांची, अडत्याकडे फक्त थांबलेली. तिसरी आणि महागातली चूक म्हणजे सगळी ७२,१०० विक्री म्हणून दाखवणं. कच्चा अडत्या फक्त दलालीवर काम करतो, त्याची उलाढाल प्राप्तिकराच्या दृष्टीने अडतीएवढीच, म्हणजे इथं २,१००. पक्का अडत्या स्वतःच्या जोखमीवर माल घेतो-विकतो, त्याची सगळी विक्री उलाढालीत येते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९८६ च्या ४५२ क्रमांकाच्या परिपत्रकात हा भेद स्पष्ट केला आहे. हा भेद चुकला तर ज्याला ऑडिटची गरज नाही असा अडत्या फुकटचा ऑडिटच्या मर्यादेत जातो. दुकान दोन्ही प्रकारचं काम करत असेल तर पहिल्या दिवसापासून दोन वेगळी खाती ठेवा.

बेदाण्याबद्दल जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या बैठकीत स्पष्ट केलं, की शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर जीएसटी नाही. तोच बेदाणा व्यापाऱ्याने पुढं विकला की ५ टक्के. म्हणून खरेदीच्या बाजूला शेतकऱ्याचं नाव, गाव आणि पट्टी नंबर नीट नोंदलेला हवा. हळदीच्या अडतीवर जीएसटी लागतो का, हा वादाचा विषय झालेला आहे. तिथं स्वतःच्या डोक्याने न ठरवता सीएकडून लेखी मत घ्या आणि फाइलला लावा.

महिन्याची चाल

ग्राहकाकडून कागद ५ तारखेपर्यंत आले पाहिजेत, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. मागच्या महिन्यात कापलेला टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. मासिक जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची, शेवटची तारीख ११. चौदा तारखेला २बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून पोर्टलने बनवलेली खरेदीच्या क्रेडिटची यादी, तयार होतं. ३बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न, २० तारखेपर्यंत. उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्याने तिमाही पर्याय घेतला असेल तर जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ ला, महाराष्ट्रात ३बी २२ ला, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत चलनाने.

छोट्या दुकानाला तिमाही पर्याय सोयीचा वाटतो, पण त्याचे खरेदीदार नोंदणीकृत असतील तर त्यांना क्रेडिट उशिरा दिसतं आणि ते पैसे अडवून धरतात. अशा वेळी पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ या पोर्टलवरच्या सोयीतून १३ तारखेपर्यंत चढवा.

३बीमधला विक्रीचा कर जीएसटीआर-१ वरून येतो. जुलै २०२५ च्या महिन्यापासून तो हाताने बदलता येत नाही. जीएसटीआर-१ मध्ये चूक सापडली तर ३बी भरायच्या आधी जीएसटीआर-१ए मधून दुरुस्त करायची. म्हणून ११ तारखेआधीची तपासणी पूर्वीपेक्षा जास्त काटेकोर हवी.

२बीशी खरेदी ताडताना तीन याद्या करा: दोन्हीकडे असलेली बिलं, वहीत आहेत पण २बीत नाहीत अशी, आणि २बीत आहेत पण वहीत नाहीत अशी. दुसऱ्या यादीतल्या पुरवठादाराला त्याच दिवशी फोन. २बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट घ्यायचं नाही, ग्राहक कितीही म्हणाला तरी. तिसऱ्या यादीत बहुधा हरवलेली बिलं असतात, कधी कधी मालकाच्या मेव्हण्याने आपल्या घरासाठी दुकानाच्या नंबरावर घेतलेला फ्रिजही असतो. राहिलेलं क्रेडिट पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी येईल तोवर घेता येतं. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, म्हणून पुरवठादारांचं देणं किती दिवसांचं आहे याची यादी दर तिमाहीला काढा.

सांगलीचा एक खास धोका म्हणजे कर्नाटकची हद्द. मिरजेपलीकडे थोड्याच अंतरावर कागवाड, पुढं अथणी, चिकोडी. माल रोज जातो-येतो. पार्टीच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा: २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ म्हणजे कर्नाटक. कर्नाटकातल्या पुरवठादाराकडून इथं आलेल्या मालावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लागतो, सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या व्यवहाराचे कर) नाही. विक्रीला चुकीचा कर लावला तर बरोबर कर पुन्हा भरून आधीच्याचा परतावा मागत बसावं लागतं. ई-वे बिलाचंही, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाचंही, तसंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखापर्यंत ते लागत नाही, हद्द ओलांडली की ५० हजारांच्या वर लागतं.

स्वतःची नोंदणी आणि सामान

शॉप अॅक्टची सूचना ‘आपले सरकार’वर ऑनलाइन द्यायची. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची, नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे. हे अनेक जण विसरतात आणि पुढं व्याजासकट भरतात. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत स्वतःला जीएसटी नोंदणी लागत नाही.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. टॅलीचा अधिकृत परवाना, स्कॅनरवाला प्रिंटर, छोटा यूपीएस आणि दोन एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या. ऑफिस भाड्याने घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर. व्यापाऱ्याला तुम्ही त्याच्या दुकानात आलेले जास्त आवडतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय हातची नोकरी सोडू नका.

फी

‘शेजारचा पंधराशेत करतो’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. उत्तर तासांत द्या. महिन्याला घरी २५,००० हवेत आणि खर्च ५,००० असेल तर ३०,००० मिळवायचे. पंचवीस दिवस रोज आठ तास म्हणजे २०० तास, पण फिरणं, शिकणं, फोन आणि अडकलेलं पोर्टल यांत ८० जातात. उरले १२०. म्हणजे तासाला २५०.

आता दुकान मोजा. खरेदीची १५० बिलं, तपासून चढवायला प्रत्येकी दोन मिनिटं: पाच तास. बँकेच्या नोंदी अडीच तास, २बी दीड, रोजच्या विक्रीचा गोषवारा एक, रिटर्न एक, राहिलेल्या बिलांचा पाठपुरावा एक. झाले बारा तास, फी ३,०००. कोटेशन देण्याआधी मागच्या एका महिन्याचे कागद मागून मोजा, अंदाजाने आकडा सांगितलात की अडकलात. मागची तुंबलेली कामं मासिक फीत कधीच धरू नका, त्यांचा वेगळा आकडा सांगा आणि निम्मे पैसे आधी घ्या.

कामाचं एक पानी पत्र करा: कोणती कामं, कोणत्या तारखेला कागद, किती फी. कागद उशिरा आल्याने लागणारी लेट फी कोणाची, हेही त्यातच लिहा. ही लेट फी दिवसाला ५० रुपये, काहीच व्यवहार नसेल तर २०. पत्रात नसेल तर ती तुमच्याच माथी येते.

पासवर्ड, ओटीपी, पैसे

पोर्टलवर ग्राहकाचाच मोबाइल आणि ईमेल ठेवा. सोय म्हणून स्वतःचा नंबर टाकण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे आणि ती चुकीची आहे. नोटीस तुमच्याकडे येते, ग्राहकाला पत्ता नसतो, आणि मुदत टळली की दोष तुमचा. आठवड्यातून एकदा पोर्टलवरच्या नोटिसा स्वतः उघडून बघा.

ग्राहकाच्या कराचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, एक दिवसासाठीही नाही. चलन काढून द्या, तो भरेल. नोंदी कोणी बदलल्या हे कळावं म्हणून टॅलीत एडिट लॉग चालू ठेवा. ग्राहक सोडून चालला तर डेटा, कागद आणि पासवर्डची यादी सही घेऊन परत करा. फी थकली म्हणून त्याचे कागद अडवून ठेवले तर यार्डात ती गोष्ट दोन दिवसांत पसरते.

पुराची तयारी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीच्या बाजारपेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं आणि मालासोबत वह्याही गेल्या. जीएसटीचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. म्हणून जूनच्या आत प्रत्येक ग्राहकाची चालू वर्षाची खरेदी बिलं स्कॅन करा. टॅलीचा बॅकअप एका ड्राइव्हवर दर शनिवारी, आणि दुसरा ड्राइव्ह पूररेषेबाहेरच्या घरी. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आहे, धोका पातळी ४५. पाणी चाळिशीकडे सरकू लागलं की त्या दिवशीचा स्टॉक रिपोर्ट काढून मालकाला आणि स्वतःला मेल करा, मग फायली वरच्या मजल्यावर. विम्याच्या दाव्यात सर्वेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, पहिला प्रश्न विचारतो, पाणी शिरायच्या आदल्या दिवशी दुकानात काय माल होता.

पाणी ओसरल्यावर भिजलेल्या मालाचे फोटो, बॅचप्रमाणे यादी आणि तलाठ्याचा पंचनामा एकत्र ठेवा. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट कायद्याप्रमाणे परत करावं लागतं. म्हणून विम्याचा दावा दाखल करण्याआधी ती रक्कम काढा आणि दाव्यात मालाच्या किमतीसोबत ती मागता येते का, हे सर्वेअरला तेव्हाच विचारा. दावा मंजूर झाल्यावर ही गोष्ट उघडकीला आली, तर तेवढं नुकसान व्यापाऱ्याच्या अंगावर पडतं.